लोकलहोस्ट ३००० पर्यंतची वाट

विंडोजसाठीचा नोड जेएसचा इन्स्टॉलर जेमतेम तीसेक एमबीचा असतो. बऱ्यापैकी इंटरनेट असेल तर मिनिटाभरात उतरतो आणि चार-पाच वेळा 'नेक्स्ट' दाबलं की बसतो. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, लायसन्स नंबर कुणी विचारत नाही. सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट शिकायला एवढंच साहित्य पुरतं, वर एक साधा एडिटर.

तरीही नव्याने शिकणाऱ्यांचा पहिला दिवस, पुष्कळदा पहिला आठवडा, याच पायरीवर खर्च होतो. नोड बसलेलं असतं, पण कमांड प्रॉम्प्टला ते सापडत नाही. नोड सापडलं तर त्याच्यासोबत येणारं, तयार पॅकेजं आणून देणारं एनपीएम अडतं. एनपीएम चाललं तर व्हिडिओत दाखवलेली पहिलीच ओळ लाल अक्षरांत परत येते. सर्व्हर सुरू झाला म्हणावं, तर टर्मिनल नुसतं लुकलुकत बसतं. या सगळ्यात अडकलेला मुलगा किंवा मुलगी मग मनाशी ठरवून टाकते, की प्रोग्रॅमिंग हा काही आपला प्रांत नाही. तोपर्यंत तिने प्रोग्रॅमिंग म्हणावं असं काही केलेलंच नसतं!

या अडचणी योगायोगाने आलेल्या नाहीत. जवळपास प्रत्येकीमागे एखादा जुना निर्णय, एखादं भांडण किंवा एखादी तडजोड आहे. ती कळली, की लाल अक्षरं वाचता येऊ लागतात आणि वाचता आली की दुरुस्तही करता येतात. म्हणून सेटअप हा अभ्यासक्रमाआधीचा अडथळा न मानता अभ्यासक्रमाचा पहिला धडा मानायला हवा.

ब्राउझरबाहेर पडलेली भाषा

जावास्क्रिप्टचा पहिला अवतार ब्रेंडन आइक यांनी मे १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभा केला. ब्राउझरमधल्या पानात थोडी जान यावी, एवढीच तेव्हाची अपेक्षा. त्याच वर्षाच्या अखेरीस नेटस्केपने 'लाइव्हवायर' नावाने ती सर्व्हरवर चालवूनही पाहिली, पण तो प्रयोग रुजला नाही. पुढची दहा-बारा वर्षं जावास्क्रिप्ट फॉर्म तपासत आणि मेनू उघडत ब्राउझरमध्येच राहिली. सर्व्हरचा कारभार पर्ल, पीएचपी, जावा, पायथन आणि रूबी यांच्याकडे होता.

सप्टेंबर २००८मध्ये गूगलने क्रोम ब्राउझर आणला आणि चित्र पालटलं. क्रोमच्या पोटात 'व्ही८' नावाचं नवं इंजिन होतं. लार्स बाक यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने ते डेन्मार्कमधल्या आऱ्हूस शहरात घडवलं होतं. जावास्क्रिप्टचं थेट मशीन कोडमध्ये रूपांतर करून ती झपाट्याने पळवणं, ही त्याची खासियत. शिवाय त्याचा कोड सर्वांना खुला होता आणि ते दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये बसवता येत होतं.

रॉचेस्टर विद्यापीठातली गणिताची पीएच.डी. अर्ध्यावर सोडून प्रोग्रॅमिंगकडे वळलेल्या रायन डाल यांनी नेमकं तेच केलं. त्या वेळचे बहुतेक वेब सर्व्हर प्रत्येक ग्राहकासाठी एक स्वतंत्र थ्रेड किंवा प्रोसेस अडकवून ठेवायचे. डेटाबेसकडून उत्तर येईपर्यंत किंवा डिस्कवरची फाइल वाचून होईपर्यंत तो थ्रेड नुसता ताटकळत असे. ग्राहक वाढले की थ्रेड वाढत, थ्रेड वाढले की मेमरी संपे.

डाल यांचा मार्ग वेगळा होता. पिठाच्या गिरणीत माणूस दळण होईपर्यंत उभा राहत नाही. डबा ठेवतो, भाजी आणतो, बँकेचं काम उरकतो आणि परतताना पीठ घेऊन जातो. नोड तसंच वागतं. वाट पाहायला लावणारं काम ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवायचं, 'झालं की हे फंक्शन चालव' एवढं सांगून ठेवायचं आणि पुढच्या ग्राहकाकडे वळायचं. यासाठी जावास्क्रिप्ट सोयीची होती. 'क्लिक झालं की हे कर' असं लिहिण्याची सवय त्या भाषेच्या प्रोग्रॅमरना होतीच, आणि फाइल उघडण्याची किंवा नेटवर्कशी बोलण्याची स्वतःची कुठलीही जुनी पद्धत भाषेत नव्हती. पाटी कोरी होती.

८ नोव्हेंबर २००९ रोजी बर्लिनच्या 'जेएसकॉन्फ' परिषदेत डाल यांनी हे काम जगापुढे मांडलं. पुढच्या चार वर्षांत मोठ्या कंपन्या तिकडे वळल्या. २०११मध्ये लिंक्डइनने आपल्या मोबाइल ॲपचा सर्व्हर नोडवर नेला. २०१३मध्ये पेपॅलने एकच ॲप्लिकेशन जावा आणि नोड अशा दोन्हींत बनवून तुलना जाहीर केली. नोडच्या आवृत्तीत ३३ टक्के कमी ओळी लागल्या आणि पान देण्याचा सरासरी वेळ ३५ टक्क्यांनी घटला.

नवशिक्याला या इतिहासातून पहिल्याच दिवशी उपयोगी पडणारी गोष्ट अशी, की भाषा तीच असली तरी घर बदललेलं आहे. ब्राउझरमध्ये पान असतं, खिडकी असते, 'अलर्ट'चा चौकोन असतो. नोडमध्ये यातलं काहीच नाही. म्हणून ब्राउझरसाठी लिहिलेला कोड नोडमध्ये चालवला की 'डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड' असं उत्तर येतं. उलट नोडला फाइल वाचता येते, पोर्ट उघडता येतं. ब्राउझरमधल्या पानाला ती मुभा नाही. अलीकडे ही दोन घरं थोडी जवळ आली आहेत. इंटरनेटवरून माहिती आणणारं 'फेच' फंक्शन एप्रिल २०२२च्या १८व्या आवृत्तीपासून नोडमध्ये आपोआप मिळतं. त्याआधीच्या व्हिडिओंत यासाठी वेगळं पॅकेज टाकायला सांगितलेलं असतं, ते आता बहुतेक वेळा लागत नाही.

कोणता आकडा घ्यायचा?

नोडच्या संकेतस्थळावर गेलं की आवृत्त्या दिसतात आणि प्रश्न पडतो, की यातली नेमकी कुठली घ्यायची. सर्वांत नवी म्हणजे सर्वांत चांगली, असं वाटणं स्वाभाविक आहे. इथे ते खरं नाही.

नोडच्या आवृत्त्यांत १, २ आणि ३ हे आकडे नाहीत. त्यामागे एक भांडण आहे. सुरुवातीची वर्षं नोडचा कारभार 'जॉयंट' नावाच्या कंपनीच्या हाती होता. मार्च २०१३मध्ये ०.१० आली आणि पुढची ०.१२ यायला फेब्रुवारी २०१५ उजाडला. कामाचा हा वेग आणि एकाच कंपनीचा ताबा यांना कंटाळून महत्त्वाच्या प्रोग्रॅमरांनी वेगळी चूल मांडली. तिचं नाव 'आयओ जेएस'. तिच्या १, २, ३ अशा आवृत्त्या भराभर आल्या. अखेर समेट झाला, कारभार स्वतंत्र फाउंडेशनकडे गेला आणि सप्टेंबर २०१५मध्ये एकत्र झालेलं नोड थेट ४ या आकड्याने बाहेर पडलं.

त्या समेटातूनच वेळापत्रकाची शिस्त आली. गेली दहा वर्षं पाळलेली पद्धत अशी: वसंतात सम आकड्याची आवृत्ती येते, ऑक्टोबरात तिला 'एलटीएस' म्हणजे दीर्घकाळ पाठबळाचा दर्जा मिळतो आणि तिथून सुमारे ३० महिने तिच्यातल्या गंभीर चुका दुरुस्त होत राहतात. विषम आकड्याच्या आवृत्त्या सहा-आठ महिन्यांच्या पाहुण्या. प्रत्येक एलटीएसला मूलद्रव्याचं नाव असतं, तेही आद्याक्षराच्या क्रमाने: आर्गॉन, बोरॉन, कार्बन वगैरे. जे अक्षराने सुरू होणारं मूलद्रव्य इंग्रजीत नसल्यामुळे २२व्या आवृत्तीला आयोडीनचं जर्मन नाव 'जोड' मिळालं. २४वी आवृत्ती 'क्रिप्टॉन' ऑक्टोबर २०२५मध्ये एलटीएस झाली.

तेव्हा शिकणाऱ्याने चालू एलटीएस घ्यावी, हे सरळ उत्तर. तिच्यासाठी सर्वांत जास्त उत्तरं लिहिलेली सापडतात आणि बहुतेक पॅकेजं तिच्यावर तपासलेली असतात.

लिनक्सवाल्यांनी एक सावधगिरी बाळगायला हवी. उबंटू २२.०४मध्ये नेहमीच्या 'ॲप्ट' कमांडने नोड टाकलं, तर १२वी आवृत्ती येते. त्या आवृत्तीची मुदत उबंटू २२.०४ बाजारात आलं त्याच महिन्यात, एप्रिल २०२२मध्ये, संपली होती. मग नवा कोड चालत नाही आणि कारण सापडत नाही. त्यासाठी 'एनव्हीएम' नावाचा आवृत्ती बदलणारा प्रोग्रॅम वापरावा. तो नोडच्या अनेक आवृत्त्या आपल्याच होम फोल्डरात ठेवतो, त्यामुळे पॅकेज टाकताना 'परवानगी नाही' असा एरर येणं आणि त्यावर उपाय म्हणून प्रत्येक कमांडपुढे 'सुडो' लावण्याची घातक सवय, दोन्ही टळतात. विंडोजवर त्याच नावाने मिळणारा प्रोग्रॅम वेगळ्या लोकांनी लिहिलेला वेगळा प्रकल्प आहे. पहिल्या महिन्यात विंडोजवर साधा इन्स्टॉलर पुरतो.

त्या इन्स्टॉलरमध्ये शेवटाकडे एक रिकामा चौकोन येतो: 'आवश्यक साधनं आपोआप इन्स्टॉल करा'. नाव पाहून नवखा माणूस टिक करतो. मग काळी खिडकी उघडते आणि पायथन, मायक्रोसॉफ्टची बिल्ड टूल्स असा काही जीबींचा ऐवज उतरत बसतो. ही साधनं सी++मध्ये लिहिलेली पॅकेजं कम्पाइल करण्यासाठी असतात. पहिल्या सर्व्हरला त्यांची काहीही गरज नाही. चौकोन रिकामाच ठेवावा.

नोड आहे, पण सापडत नाही

'नोड इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड.' विंडोजवर नोड शिकायला बसलेल्या असंख्य लोकांना संगणकाने सांगितलेलं हे पहिलं वाक्य. इन्स्टॉल फसलं असं समजून लोक नोड काढतात, पुन्हा टाकतात. काही जण तर तिसऱ्यांदाही.

खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. आपण नुसतं 'नोड' टाइप करतो तेव्हा विंडोज सगळी हार्ड डिस्क धुंडाळत नाही. 'पाथ' नावाच्या यादीत लिहिलेल्या फोल्डरांत तेवढी शोधते. इन्स्टॉलर नोडचा फोल्डर त्या यादीत लिहून ठेवतो. पण प्रत्येक खिडकी उघडताना त्या यादीची स्वतःची प्रत घेते. इन्स्टॉलआधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच प्रत धरून बसते. टर्मिनल बंद करून नवं उघडायचं, आणि ते एडिटरच्या आतलं टर्मिनल असेल तर एडिटरही पूर्ण बंद करून उघडायचा. मग 'नोड', एक जागा, हायफन आणि स्मॉल व्ही टाइप केलं की आवृत्तीचा आकडा समोर येतो. तरीही नाही आला, तर विंडोजवर 'व्हेअर नोड' आणि मॅक-लिनक्सवर 'विच नोड' विचारावं. कोणत्या फोल्डरातलं नोड चालतंय, हे संगणक स्वतःच सांगतो.

दुसरा अडथळा याहून चकवणारा आहे. नोडचा आकडा दिसतो, पण लगेच त्याखाली एनपीएमची आवृत्ती विचारली की पॉवरशेल लाल अक्षरांत सांगते, की या मशीनवर स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे. दोन्ही एकाच इन्स्टॉलरमधून आलेले, मग एक चालतो आणि दुसरा नाही, हे कसं? नोड ही सरळ 'ईएक्सई' फाइल आहे. एनपीएम मात्र जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आहे. त्याला हाक मारण्यासाठी विंडोजवर छोट्या मदतनीस फाइली ठेवलेल्या असतात, एक कमांड प्रॉम्प्टसाठी आणि एक पॉवरशेलसाठी. पॉवरशेल आपली स्क्रिप्ट फाइल उचलते आणि घरगुती विंडोजमध्ये मूळ धोरणच असं असतं, की कुठलीही स्क्रिप्ट चालवायची नाही. ईमेलमधून आलेली घातक स्क्रिप्ट चुकून चालू नये, म्हणून घातलेलं ते कुलूप आहे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे एडिटरच्या टर्मिनलमध्ये पॉवरशेलऐवजी कमांड प्रॉम्प्ट निवडणं. पॉवरशेलच हवं असेल, तर फक्त आपल्या युजरपुरतं धोरण 'रिमोट साइन्ड' करावं. काही ठिकाणी कुलूप पूर्ण काढून टाकायचा सल्ला दिलेला असतो. तो ऐकू नये.

पहिला सर्व्हर, पॅकेजशिवाय

एडिटर म्हणून आज बहुतेक जण व्हीएस कोड घेतात. मायक्रोसॉफ्टने तो एप्रिल २०१५मध्ये जाहीर केला. तो 'इलेक्ट्रॉन'वर उभा आहे आणि इलेक्ट्रॉन म्हणजे क्रोमियम ब्राउझर व नोड यांची सांगड. ज्या एडिटरमध्ये नोडचा कोड लिहायचा, तो स्वतःच नोडच्या आधाराने चालतो.

डेस्कटॉप क्लाउडशी जोडलेला असेल, तर प्रोजेक्टचा फोल्डर तिथे ठेवू नये. पुढे त्यात हजारो बारीक फाइली येतात आणि क्लाउड त्या प्रत्येक फाइलच्या मागे लागतो. सी ड्राइव्हमध्ये 'कोड' नावाचा साधा फोल्डर करावा, नावात जागा नसलेला.

पहिला सर्व्हर कुठलंही पॅकेज न घेता लिहावा, हा आग्रह धरण्यासारखा आहे. नोडमध्ये एचटीटीपीचं मॉड्यूल अंगभूत आहे. दहाएक ओळींत काम होतं: मॉड्यूल मागवायचं, 'क्रिएट सर्व्हर' म्हणायचं, आलेल्या विनंतीला २०० हा यशाचा कोड आणि मजकूर द्यायचा, आणि ३००० या पोर्टवर ऐकत बसायचं. संगणकाला पोर्ट ६५,५३५ असतात. वेबचं अधिकृत पोर्ट ८०, पण युनिक्स घराण्यात १०२४च्या खालची पोर्टं उघडायला पारंपरिकपणे विशेष अधिकार लागत. ३०००ची प्रथा रूबी ऑन रेल्सने पाडली आणि नोडच्या दुनियेनेही ती उचलली.

फाइल चालवली की टर्मिनल थांबल्यासारखं दिसतं. पुढची ओळ येत नाही. पुष्कळ जण इथे घाबरून खिडकी बंद करतात. पण सर्व्हर चालू आहे याचीच ती खूण आहे, तो ग्राहकाची वाट पाहतोय. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे आपलंच मशीन), विसर्गासारखे दोन टिंब आणि ३००० लिहिलं की उत्तर येतं. थांबवायला कंट्रोल आणि सी. जुना सर्व्हर दुसऱ्या खिडकीत चालूच राहिला, तर नवा सुरू करताना 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असं उत्तर मिळतं. एका पोर्टवर एकालाच बसता येतं. कोड बदलला तरी ब्राउझरमध्ये जुनंच दिसतं, कारण चालू प्रोग्रॅमने फाइल सुरुवातीलाच वाचून घेतलेली असते. यासाठी २०१०पासून लोक 'नोडमॉन' वापरत आले. नोडच्या १८.११ आवृत्तीपासून 'वॉच' ही सोय आतच मिळते.

आता मजकुराच्या जागी 'मराठी' हा शब्द ठेवून पाहावा. सर्व्हरने फक्त 'हा साधा मजकूर आहे' एवढंच सांगितलं आणि लिपीचं एन्कोडिंग सांगितलं नाही, तर ब्राउझर अंदाज बांधतो. तो चुकला, की अक्षरांच्या जागी टोपीवाल्या रोमन अक्षरांची आणि चिन्हांची माळ उमटते. हेडरमध्ये 'युटीएफ-८' लिहिलं, की शब्द नीट दिसतो.

याच शब्दावर आणखी एक प्रयोग करता येतो. त्याची लांबी नोडला विचारली तर उत्तर येतं ५. आपल्याला दिसतात तीन अक्षरं: म, रा, ठी. जावास्क्रिप्ट काना आणि वेलांटी वेगळी मोजते. त्याच शब्दाचे बाइट विचारले तर १५, कारण युटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'उत्तर किती लांब आहे' हे सांगणाऱ्या हेडरमध्ये कुणी १५च्या जागी ५ लिहिलं, तर ब्राउझर पाच बाइट वाचून थांबतो. 'म' पूर्ण येतो, 'र' तुटतो, बाकीचा शब्द गायब. फक्त इंग्रजीत शिकलेल्याला हा फरक वर्षानुवर्षं कळत नाही, कारण तिथे अक्षर आणि बाइट यांचा आकडा सारखाच येतो. मराठीत शिकणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी हाताला लागतो. माणसासारखी तीन अक्षरं मोजायची असतील, तर 'इंटल सेगमेंटर' नावाचं अंगभूत साधन आहे.

'इंटल' या कुटुंबात मराठीसाठी आणखीही बरंच आहे. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही संख्या 'एमआर-आयएन' या खुणेसह दिली, की नोड तिचं १२,३४,५६७ करून देतं: आकडे देवनागरी आणि स्वल्पविराम लाख-हजाराच्या जागी. वाराचं नाव विचारलं तर 'शनिवार' असं मराठीत येतं. ऑक्टोबर २०१९पर्यंत नोडसोबत मूळ स्वरूपात फक्त इंग्रजीचा भाषासाठा येई. १३व्या आवृत्तीपासून तो सगळ्या भाषांचा येऊ लागला. गावातल्या पतसंस्थेचं किंवा दूध डेअरीचं बिल मराठीत छापायचं, तर यासाठी एकही पॅकेज लागत नाही.

दुसऱ्यांनी लिहिलेला कोड

यानंतर एनपीएम. आयझॅक श्लूटर यांनी ते २०१०मध्ये आणलं. जगभरच्या लोकांनी लिहिलेलं जावास्क्रिप्टचं साहित्य एका कमांडवर मिळण्याची ही व्यवस्था आज गिटहबच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या, मालकीची आहे. 'एक्सप्रेस' हे लोकप्रिय फ्रेमवर्क मागवलं की एक पॅकेज मागवूनही पन्नासहून अधिक उतरतात, कारण एक्सप्रेसला इतरांची गरज असते आणि त्या इतरांना आणखी कुणाची. हे सगळं 'नोड मॉड्यूल्स' फोल्डरात साचतं.

कॉलेजचा प्रोजेक्ट मित्राला पाठवताना हा फोल्डर झिप करून व्हॉट्सॲपवर चढवण्याचे प्रयत्न होतात. त्याची गरज नसते. 'पॅकेज जेसन' फाइलमध्ये काय हवं त्याची यादी असते आणि २०१७पासून सोबत येणाऱ्या लॉक फाइलमध्ये नेमक्या कोणत्या आवृत्त्या आल्या त्यांची नोंद. या दोन फाइली आणि स्वतःचा कोड पाठवला, की समोरचा 'एनपीएम इन्स्टॉल' करून बाकी सगळं आणतो. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटलाही तो नोड मॉड्यूल्सचा फोल्डर दाखवायचा नाही.

या व्यवस्थेची नाजूक बाजूही पहिल्या आठवड्यातच कळावी. २२ मार्च २०१६ रोजी अझर कोचुलू या प्रोग्रॅमरने एका नावावरून झालेल्या वादानंतर आपली अडीचशेहून अधिक पॅकेजं एनपीएमवरून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' हे अकरा ओळींचं पॅकेज होतं. शब्दाच्या डावीकडे जागा भरणं एवढंच त्याचं काम. पण 'बेबल'सारखी जगभर वापरली जाणारी साधनं शेवटी त्याच्यावर टेकलेली होती. काही तास असंख्य प्रकल्पांचे बिल्ड कोसळत राहिले. एनपीएमने ते पॅकेज परत चढवलं आणि पुढे कुणालाही सहज पॅकेज काढून घेता येऊ नये असा नियम केला.

२०१७मध्ये 'क्रॉस-एन्व्ह' या लोकप्रिय पॅकेजच्या नावातला हायफन तेवढा गाळून कुणीतरी बनावट पॅकेज टाकलं. टाइप करताना हायफन विसरला, की ते मशीनमधल्या गुप्त किल्ल्या चोरून पाठवत असे. ८ सप्टेंबर २०२५ रोजी एका विश्वासू प्रोग्रॅमरचं खातं फसव्या ईमेलने हाती घेऊन 'चॉक' आणि 'डीबग' यांच्यासह अठरा पॅकेजांत घातक कोड मिसळण्यात आला. या पॅकेजांची एकत्रित डाउनलोड आठवड्याला दोन अब्जांवर होती. काही दिवसांतच 'शाय-हुलूद' नावाचा स्वतःहून पसरणारा कीडाही एनपीएमवर सापडला.

म्हणून नाव टाइप करण्याऐवजी अधिकृत पानावरून कॉपी करावं, अंगभूत मॉड्यूलने काम होत असेल तर पॅकेज घेऊ नये आणि पासवर्ड कधीही कोडमध्ये लिहू नये. ते '.एन्व्ह' फाइलमध्ये ठेवावेत आणि ती फाइल गिटपासून लांब ठेवावी.

शिकणाऱ्याला छळणारा आणखी एक वारसा म्हणजे 'रिक्वायर' आणि 'इम्पोर्ट'. नोड आलं तेव्हा भाषेत कोडच्या फाइली एकमेकींना जोडण्याची अधिकृत सोय नव्हती, म्हणून नोडने 'कॉमन जेएस'ची रिक्वायर पद्धत घेतली. २०१५मध्ये भाषेच्या मानकात इम्पोर्ट आलं आणि नोडमध्ये ते विनाअट रुळायला २०१९-२० उजाडलं. निम्मे धडे जुन्या पद्धतीचे, निम्मे नव्या. दोन्ही एका फाइलमध्ये मिसळले की एरर ठरलेला. पॅकेज जेसनमध्ये 'टाइप'पुढे 'मॉड्यूल' लिहून इम्पोर्ट निवडावं आणि सगळ्या प्रोजेक्टभर तेच पाळावं.

खुद्द रायन डाल यांनाही या रचनेबद्दल खंत होती. २०१८मध्ये त्याच बर्लिनच्या परिषदेत त्यांनी नोडबद्दल वाटणाऱ्या दहा पश्चात्तापांची यादी मांडली. तिच्यात नोड मॉड्यूल्सचा फोल्डर होता, पॅकेज जेसन होती आणि सुरक्षेकडे झालेलं दुर्लक्षही होतं. तिथेच त्यांनी 'डेनो' हा नवा प्रकल्प जाहीर केला.

मशीन जुनं असेल तर

सगळ्यांकडे नवा लॅपटॉप नसतो. लॅबमध्ये विंडोज ७ असेल, तर नोडची १४वी किंवा त्यापुढची आवृत्ती तिथे अधिकृतपणे चालत नाही. ३२ बिटची विंडोज असेल तर २२व्या आवृत्तीवर थांबावं लागतं. लॅबच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड नसेल, तर इन्स्टॉलरऐवजी झिप उतरवून फोल्डर उघडला तरी त्यातलं नोड चालतं. आणि हाती फक्त अँड्रॉइड फोन असेल, तर 'टर्मक्स' ॲपमध्ये नोड एका कमांडवर बसतं. छोट्या पडद्यावर टाइप करणं त्रासाचं आहे, पण तिथे सुरू झालेला सर्व्हर हा खराखुरा सर्व्हर असतो आणि फोनच्याच ब्राउझरमध्ये उत्तर देतो.

पहिल्या महिन्यात डॉकर, टाइपस्क्रिप्ट, क्लाउडचं खातं यांतलं काहीही लागत नाही. ती कामाची साधनं आहेत, त्यांची वेळ नंतर येते. चालू एलटीएस, एक एडिटर, एक टर्मिनल आणि हाताने लिहिलेल्या दहाएक ओळी, एवढ्यावर सुरुवात होते.

क्लासचालकांना आणि कॉलेजातल्या शिक्षकांना एक विनंती. तयार फोल्डर वाटून थेट दुसऱ्या धड्यावर उडी मारू नका. पहिलं पूर्ण सत्र सेटअपला द्या, प्रत्येकाच्या स्वतःच्या मशीनवर. एरर आला की विद्यार्थ्याला तो मोठ्याने वाचायला सांगा, त्याचा अर्थ मराठीत सांगा आणि दुरुस्तीची कमांड त्याच्याच हातून टाइप करून घ्या. लॅबच्या भिंतीवर एक छापील पान लावा: आवृत्ती कुठली, ती कशी तपासायची, पाथ कसा पाहायचा, पोर्ट अडकलं तर काय करायचं. घरात, शेजारात कुणी कंपनीत नोडवर काम करत असेल, तर येत्या दिवाळीच्या सुटीत त्याने अशा एखाद्या मुलाजवळ किंवा मुलीजवळ तासभर बसावं. कीबोर्ड मात्र तिच्याच हाती राहू द्यावा.